‘मी ढ आहे’ याला उत्तर काय द्यायचं?

गणिताचं उत्तर चुकतं. पंधरा वर्षांचा मुलगा पेन फेकतो, वहीचं पान टरकावतो, कपाळावर मूठ मारून घेतो आणि ओरडतो, “मी ढ आहे. मला काहीच येत नाही.” आई स्वयंपाकघरातून धावत येते. “असं बोलू नये रे राजा, किती हुशार आहेस तू!” बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणतात, “एवढ्याशा गोष्टीवरून कशाला डोकं फिरवून घेतोस?” दोघांचाही जीव तुटत असतो. तरीही दोन्ही वाक्यांनी मुलगा आणखी भडकतो.

ऑटिझम असलेलं, म्हणजेच स्वमग्न मूल ज्या घरात वाढतं, तिथं नववी-दहावीच्या सुमारास हे वारंवार घडतं. पालकांना वाटतं, मुलाचा आत्मविश्वास कमी पडतोय, तेव्हा कौतुक वाढवावं. मला हे निदान अपुरं वाटतं. मुलगा स्वतःला दूषणं देतो तेव्हा ते मत त्या घटकेला खोडायला जाऊच नये. आधी त्याच्यावरचा भार उतरवायचा. मग डोकं निवल्यावर ‘मी’ आणि ‘मी केलेलं काम’ या दोन गोष्टी नेमक्या तपशिलानं वेगळ्या करून दाखवायच्या. या क्रमाची उलटापालट झाली की मायेनं बोललेलं वाक्यही टोचतं.

ऑटिझमचं जे चित्र लोकांच्या मनात आहे, ते लहान मुलाचं. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून या अवस्थेला वैद्यकशास्त्रात जागा दिली, तीही लहान मुलंच होती. आपल्याकडेही पालकांची सगळी शक्ती पहिल्या आठ-दहा वर्षांत खर्च होते: स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शाळाप्रवेशासाठी खेटे. मूल बोलायला लागलं, शाळेत बसायला लागलं की घर थोडा श्वास घेतं. आणि नेमक्या त्याच सुमारास मुलाला एक गोष्ट उमगते: वर्गातल्या बाकीच्यांना जे आपोआप जमतं, ते आपल्याला प्रत्येक वेळी ठरवून करावं लागतं. कोण थट्टा करतंय, कोण खरंच विचारतंय, हे मित्रांना क्षणात कळतं. याला ते घरी आल्यावर, कधी दोन दिवसांनी कळतं. लहानपणी ही जाणीव नव्हती, म्हणून ते दुःखही नव्हतं.

त्यात वर्षानुवर्षांच्या सूचनांची भर असते. नीट बस. डोळ्यांत बघून बोल. हात हलवू नको. तेच तेच विचारू नको. सांगणारे सगळे भल्यासाठीच सांगतात. पण दिवसभर दुरुस्त होत राहणाऱ्या मुलाच्या मनात एकच निष्कर्ष साठत जातो, की आपल्यातच काहीतरी बिघडलेलं आहे. मग ते आपलं वेगळेपण झाकायला शिकतं. इंग्लंडमधल्या लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ९२ स्वमग्न प्रौढांचे अनुभव प्रसिद्ध केले. लोकांत मिसळण्यासाठी ओढूनताणून ‘नॉर्मल’ वागण्यानं कमालीचा थकवा येतो आणि आपण खोटं जगतोय असं वाटत राहतं, असं त्यांतल्या अनेकांनी सांगितलं. मुली हे झाकणं विशेष सफाईनं करतात. त्यांचं निदान उशिरा होतं, कधी होतच नाही, आणि घरच्यांना फक्त ‘शाळेत गुणी, घरी चिडकी’ एवढंच दिसतं.

भार म्हणजे काय, हे एखाद्या ठिकाणाचा दिवस डोळ्यांसमोर आणला की कळतं. सुकापूर घ्या. नवीन पनवेलला लागून, माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही वस्ती. कारभार पाली देवद ग्रामपंचायतीचा, पण रूप झपाट्यानं शहराचं होत चाललेलं. इथला मुलगा सकाळी शाळेच्या व्हॅनमध्ये कोंबून बसतो. वर्गात साठ आवाज आणि डोक्यावर करकरणारा पंखा. मधल्या सुट्टीत डब्यांचे वास एकमेकांत मिसळलेले. आज अचानक ऑफ तास, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक मोडलं. दुपारी क्लास, तिथं जायला शेअर रिक्षा, रिक्षात अनोळखी माणसाचा घामट दंड आपल्या दंडाला चिकटलेला. घरी यावं तर शेजारच्या नव्या इमारतीत फरशी कापायचं मशीन सुरू. लग्नसराई असेल तर हळदीच्या रात्री डीजे, ज्याच्या ठोक्यांनी खिडकीची काच थरथरते. आपल्याला हे सगळं जरा त्रासाचं वाटतं. ज्याच्या मेंदूत आवाज, स्पर्श, वास गाळून घेण्याची व्यवस्था वेगळी आहे, त्याला यातलं प्रत्येक अंगावर आदळतं. निदानाच्या अमेरिकी नियमावलीत २०१३ साली या संवेदनांच्या तीव्रतेला ऑटिझमच्या निकषांत अधिकृत स्थान मिळालं. पालक ते कधीपासूनच पाहत होते.

आता संध्याकाळी साडेसातला गणित चुकलं तर स्फोट गणिताचा नसतो. गणित फक्त शेवटी आलेलं असतं.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. स्वतःला नेमकं काय होतंय हे ओळखून सांगणं अनेक स्वमग्न व्यक्तींना अवघड जातं. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१९च्या एका पाहणीत जवळपास निम्म्या स्वमग्न व्यक्तींमध्ये ही अडचण आढळली. इतरांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं. भूक, लघवीची घाई, उकाडा, भीती, अपमान हे सगळं आतून एकाच कालव्यासारखं जाणवतं. त्याला नाव हवं म्हणून मुलगा हाताशी असलेलं वाक्य वापरतो: मी ढ आहे. म्हणून ते वाक्य मत म्हणून ऐकण्याआधी निरोप म्हणून ऐकावं. जेवलाय का? झोप झाली होती का? आज शाळेत काय बदललं होतं?

पण हे प्रश्न त्याला त्या क्षणी विचारायचे नाहीत, आपण मनातल्या मनात विचारायचे. मेल्टडाउन, म्हणजे अतिभारानं होणारा हा स्फोट, सुरू असताना भाषा समजून घेण्याची आणि उत्तर जुळवण्याची क्षमताच ओसरलेली असते. “का असं करतोस?” हा प्रश्न तेव्हा आणखी एक गणित होऊन बसतो. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅकडॉनेल यांनी अशा वेळी ताण खाली आणण्याची पद्धत मांडली आहे आणि तिचं सूत्र सोपं आहे: समोरच्या मोठ्या माणसानं आधी स्वतःला शांत करायचं. एकाच माणसानं जवळ राहावं. बाकीच्यांनी, विशेषतः धाकट्या भावंडांनी, दुसऱ्या खोलीत जावं. ट्यूबलाइट बंद, टीव्ही बंद. समोर उभं राहू नये, थोडं बाजूला बसावं. डोळ्यांत पाहायला सांगू नये. हात धरून ठेवू नये. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी धरावी. इजा होण्याचा खरा धोका असेल तेव्हाच अडवावं. बोलायचंच तर एक-दोन वाक्यं, हळू: “मी इथेच आहे. आता काही करायचं नाहीये.” आणि मग गप्प बसावं. हे गप्प बसणं आपल्याकडच्या घरांत सगळ्यात कठीण असतं. आजी म्हणते, एक धपाटा द्या, गप्प होईल. शेजारच्या काकू बेल वाजवून विचारतात, काय झालं हो. आजीशी आणि काकूंशी हे बोलणं शांत दिवशी आधीच करून ठेवलेलं असावं.

काही मुलं ओरडत नाहीत. ती पांघरुणात शिरतात, तासन्‌तास बोलत नाहीत. हाही तोच अतिभार आहे. पण त्यानं घराला त्रास होत नसल्यामुळे तो दुर्लक्षिला जातो.

शिक्षेबद्दल माझं मत ठाम आहे: मेल्टडाउनबद्दल शिक्षा करू नये. फुटलेली वस्तू नंतर मिळून आवरावी, फाटलेली वही चिकटवावी, बहिणीला लागलं असेल तर तिची विचारपूस करावी. एवढी जबाबदारी मुलाला जरूर द्यावी. पण मोबाइल काढून घेणं, आठवडाभर अबोला धरणं यानं त्याच्या मनातला ‘मी वाईट आहे’ हा निकाल फक्त पक्का होतो. अमेरिकी पशुविज्ञानतज्ज्ञ टेम्पल ग्रँडिन यांची गोष्ट इथं सांगावीशी वाटते. चिडवणाऱ्या मुलीच्या अंगावर पुस्तक फेकलं म्हणून त्यांना चौदाव्या वर्षी शाळेतून काढून टाकलं होतं. पुढच्या निवासी शाळेत घोड्यांचा तबेला सांभाळायचं काम मिळालं आणि विल्यम कार्लॉक नावाचे विज्ञानशिक्षक भेटले. त्यांनी या मुलीच्या विचित्र वाटणाऱ्या ध्यासांनाच अभ्यासाची दिशा दिली.

वादळ ओसरल्यावर पाणी, खाणं, अंघोळ आणि मुलाचा लाडका विषय. पनवेल जंक्शनच्या जवळ राहणाऱ्या अनेक मुलांना गाड्यांचं वेड असतं. कोकण रेल्वेची कोणती गाडी कोणत्या फलाटावर येते, तिला इंजिन कोणतं असतं, हे तास तास सांगतात. तेव्हा “पुरे तुझं ते गाडीपुराण” म्हणू नये. लक्ष एका प्रवाहात खोलवर जाणं ही स्वमग्न मनाची ठेवणच आहे, आणि त्या प्रवाहात परत शिरणं हीच त्याची विश्रांती.

खरं बोलणं त्यानंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी. आणि इथं महाराष्ट्राकडे एक चांगला वारसा आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत आणली ती मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांनी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, त्या विचारांना मराठीत घर दिलं. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ठाण्यातल्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामातूनही हा विचार हजारो मराठी घरांत पोचला. एलिस यांचं एक म्हणणं आपल्या प्रश्नाला थेट भिडतं. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. गणित चुकलं हे विधान तपासता येतं. मी ढ आहे हे विधान तपासता येत नाही, कारण त्यात अख्ख्या माणसाची बेरीज एका आकड्यात केलेली असते. आणि हे कौतुकालाही लागू आहे. ‘तू हुशार आहेस’ म्हणजेही माणसालाच दिलेले गुण. मुलगा मनात म्हणतो, हुशार असतो तर चुकलो नसतो. चुकलो, म्हणजे हुशार नाही. म्हणजे आई खोटं बोलते. स्वमग्न मुलं शब्द शब्दशः घेतात, त्यामुळे हा तर्क ती फार काटेकोरपणे लढवतात. आईचं मायेचं वाक्य इथं हरतं.

त्याऐवजी वही उघडावी. सात गणितं होती. चार बरोबर. दोन गणितांत वजाचं चिन्ह पुढच्या ओळीत उतरलं नाही. एक सोडवलंच नाही, कारण तोवर थकला होता. हे कागदावर लिहावं, कारण अशा मुलांना ऐकलेल्यापेक्षा लिहिलेलं जास्त भरवशाचं वाटतं. ‘ढ’वर उपाय नसतो, सुटणाऱ्या चिन्हावर असतो: चौकटीची वही, चिन्हाला लाल पेन, उद्यापासून एका बैठकीला चारच गणितं. एलिस ज्याला अट्टाहास म्हणत, तो ‘च’ही इथं सापडतो: पहिल्याच वेळी आलंच पाहिजे, खाडाखोड होताच कामा नये. त्या ‘च’शी भांडण्यापेक्षा ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे आधीच आकड्यात ठरवून टाकावं. चार सोडवली की आजचा अभ्यास संपला, पाचवं जमलं नाही तरी. शंभर आणि शून्य यांच्यामध्येही आकडे असतात, हे या मुलांना उपदेशापेक्षा पट्टीवर खुणा करून लवकर पटतं.

मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली सुरू केलेल्या ‘उम्मीद’ बालविकास केंद्रात मुलांसोबत नॅरेटिव्ह पद्धतीनं काम केलं जातं. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी ती घडवली. तिची मूळ धारणा अशी, की अडचण वेगळी आणि माणूस वेगळा. मुलगा अडचणीला स्वतःच नाव देतो, ती कधी येते, कुणाच्या आवाजात बोलते, कधी तिचं काही चालत नाही, हे शोधतो. घरी याचं साधं रूप करता येतं. “‘तू ढ’ हा आवाज आज किती वाजता आला? शाळेत होता का? गाड्यांचं वेळापत्रक बघताना येतो का?” काही मुलांना यात मजा वाटते, काहींना हा बालिशपणा वाटतो. ज्याला आवडत नाही त्याच्यावर लादू नये. त्याच्यासाठी वही आणि आकडे पुरेत. समुपदेशकाकडे जायचं झालं तर ऑटिझमची ओळख असलेल्याकडे जावं. अमेरिकेत १६७ स्वमग्न मुलांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑटिझमसाठी मुद्दाम बदललेली विचार-वर्तन उपचारपद्धती नेहमीच्या पद्धतीपेक्षा चिंता कमी करण्यात सरस ठरली.

मोठ्यांनी स्वतःच्या चुकांशी कसं वागावं, हे मूल रोज पाहतं. “आमटीत मीठ दोनदा पडलं. चिडले मी. आता पाणी वाढवते,” एवढं मोठ्यानं बोललं तरी त्यात चूक, भावना आणि उपाय तिन्ही येतात. स्वतःशी मायेनं वागण्याच्या विषयावर २००३पासून संशोधन करणाऱ्या क्रिस्टिन नेफ यांचा मुलगाही स्वमग्न आहे. भर विमानात, दुकानात मुलाचा आकांत चाललेला असताना त्याला शांत करण्याआधी स्वतःशी दयेनं बोलायला आपण शिकलो, असं त्या सांगतात.

अशा घरांत नातेवाईक यशाची कात्रणं पाठवतात. मुंबईच्या जिया रायची बातमी बहुतेकांपर्यंत पोचलेली असते. ऑटिझम असलेली ही मुलगी १७ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर ८ तास ४० मिनिटांत पोहली. २०२४च्या जुलैत, सोळाव्या वर्षी, तिनं इंग्लिश खाडीही पार केली. तिचं कर्तृत्व थक्क करणारं आहे. पण स्वतःला आधीच तुच्छ लेखणाऱ्या मुलाच्या हाती ते कात्रण “बघ, ती करू शकते” म्हणून दिलं, तर तो त्यात आणखी एक परीक्षा वाचतो, जिच्यात तो नापास आहे. दाखवायचंच तर पोहणं तिच्या आयुष्यात कसं आलं ते दाखवावं: पाण्यात तिला बरं वाटत होतं, तिथून.

घराबाहेरचा भारही कमी करता येतो, आणि तो हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. भारतीय मोजपट्टीवर, म्हणजे ‘इसा’वर, ४० मुद्द्यांची तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळतं. राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत सवलत मिळते. त्यासाठीचा अर्ज शाळेमार्फत, नववीतच तयारीला लागून करावा. रायगड जिल्हा मुंबई विभागात येतो आणि त्या विभागाचं कार्यालय वाशीला आहे. सुकापूरहून फार लांब नसलेल्या खारघरमध्ये राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ई.टी.सी. केंद्र आहे. अनेक पालक प्रमाणपत्र टाळतात, शिक्का बसेल म्हणून. मी त्यांना एवढंच विचारीन: मुलानं स्वतःवर ‘ढ’ हा शिक्का मारून घेतलेला असताना, त्याच्या अडचणीचं खरं नाव त्याच्यापासून लपवून काय मिळवलं? निदान मुलाला सांगावं, साध्या शब्दांत, चांगल्या दिवशी.

एका गोष्टीत मात्र थांबून राहू नये. इंग्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढपणी अ‍ॅस्पर्गरचं, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराचं, निदान झालेल्या ३७४ जणांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या मनात कधी ना कधी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. मुलगा “मी नसलेलाच बरा” म्हणाला, तर तो राग आहे असं गृहीत धरू नका. शांत वेळी सरळ विचारा: “तुला मरून जावंसं वाटतं का? कसं करायचं ते ठरवलं आहेस का?” आडवळणाचा प्रश्न त्याला कळणार नाही, आणि विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी असेल, खाणं-झोप बिघडली असेल, लाडक्या विषयावरूनही मन उडालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जा. कसं करायचं हेही त्यानं ठरवलं असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तोवर त्याला एकटं सोडू नका आणि औषधं, दोऱ्या, धारदार वस्तू त्याच्या हाती लागू देऊ नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

शेवटी आईवडिलांविषयी. विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्यांनी ऑटिझमचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं. स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं १९६४च्या आपल्या पुस्तकात ते खोडून काढलं, आणि पुढच्या संशोधनानं तो आरोप पुरता मोडीत काढला. आपल्या घरांतून मात्र तो गेलेला नाही. नोकरी केली म्हणून, मोबाइल दिला म्हणून, गरोदरपणात अमुक खाल्लं म्हणून असं झालं, हे सासरमाहेरचे सांगत राहतात आणि आईही रात्री बहिणीला फोनवर म्हणते, “माझंच कुठेतरी चुकलं गं.” भिंतीपलीकडे मुलगा जागा असतो. आई ज्याला चूक म्हणते ती चूक म्हणजे आपण, हे त्याला कळतं. तो फोन जरूर करावा, मन मोकळं करायला माणूस लागतंच. फक्त मुलगा क्लासला गेलेला असताना करावा. आणि तो घरात असताना मावशीचा फोन आला, तर तो सध्या कोणत्या गाडीचे थांबे पाठ करतोय, तेही तिला सांगावं, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.